साडेचौदा इंच

अग्निशमन केंद्राची लाल गाडी आज बाहेर उभी आहे,
आत तिच्या जागी शंभर घडीच्या खुर्च्या.
त्या मी मांडल्या, कॉफीही मीच चढवली,
आणि टेबलावरचा दिवा माझ्या ताब्यात:
हिरवा म्हणजे बोला,
पिवळा म्हणजे आवरा,
लाल म्हणजे बसा खाली.
माणशी तीन मिनिटं.

कोर साउंडच्या काठचे झाडून सगळे आलेत.
गळवाले डावीकडे, जाळीवाले उजवीकडे.
मधे रेघ कुणी आखली नव्हती.

राजधानीहून आलेली बाई पडद्यावर आलेख दाखवते.
शाळेतल्या घसरगुंडीसारखा आलेख.
मागून कुणीतरी विचारतं,
"बाई, फ्लाउंडर कधी हातात धरलाय का?"
हशा. तीही हसते.
"माझा बाप मासे विकायचा," म्हणते,
आणि पुढचं चित्र लावते.

हंगाम चौदा दिवसांचा.
माणशी रोज एक मासा, पंधरा इंचांवरचा.

"एका रात्रीत ट्रॉलर जेवढं मारून फेकतात
तेवढं आम्ही जन्मात खात नाही!"
"नव्या बोटीचे हप्ते फेडतोय मी, चौदा दिवसांसाठी?"
मग जाळीवाला ड्वेन फल्चर उठतो, टोपी न काढता:
"माझ्या जाळ्यावर माझं घर चालतं.
तुमच्या गळावर तुमचा रविवार."
लाल. लाल. मी दोनदा दाबते.

फ्लाउंडर जन्मतो तेव्हा
त्याचे डोळे चारचौघांसारखेच, दोन बाजूंना दोन.
पुढे एक डोळा हळूहळू सरकत
कपाळ ओलांडून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसतो.
मग मासा उरलेलं आयुष्य
एका कुशीवर पडून काढतो.

थर्मन गॅस्किल. वय एकोणऐंशी.
फेरीबोटीची इंजिनं सांभाळत निवृत्त झालेला.
प्लास्टिकच्या पिशवीतून वही काढतो.
"सरकारकडे आकडे आहेत. माझ्याकडेपण आहेत."
टाळ्या.
मी हिरवा लावते.

"एकोणनव्वद, सात ऑक्टोबर. वारा नैर्ऋत्य. अकरा मासे.
ब्याण्णव. नऊ. लॉइस सोबत, त्यातले चार तिचे.
दोन हजार एक. पाच.
दोन हजार तेरा. दोन, एक लहान, सोडला.
दोन हजार एकोणीस..."

पान उलटतो.
परत मागे येतो.
बोट ओळीवर तसंच.

"एकोणीस," तो म्हणतो, "पाणी गढूळ."

त्या रात्री मी त्याच्या होडीत होते.
पायाची नखं दिसत होती इतकं पाणी स्वच्छ होतं,
आणि खाली वाळू,
वाळूच नुसती.

पिवळा.
तो वही मिटतो, पिशवीत घालतो,
पिशवीच्या तोंडाला रबर लावतो.
लाल लावायला हवा. माझं बोट बटणावर आहे.

"चौदा दिवस कमी आहेत," तो मायक्रोफोनला सांगतो.
"कमीच आहेत."
डावी बाजू उठून उभी राहते, टाळ्या, शिट्ट्या.
ती बाई काहीतरी लिहून घेते.
मान वर करत नाही.

हंगाम उघडला आणि ईशान्येचा वारा सुटला.
नऊ दिवस होड्या धक्क्यालाच आपटत राहिल्या.
दहाव्या संध्याकाळी आम्ही निघालो,
जुन्या शिंपल्यांच्या बांधापाशी नांगर टाकला.
सात वाजून गेल्यावर दोरी जड झाली.

पट्टीवर ठेवला. साडेचौदा.
"शेपूट जरा चिमटीत धर," मी म्हटलं, "भरेल पंधरा."
त्यानं चिमटीत धरलीसुद्धा.
दोन्ही डोळे वर करून मासा आमच्याकडे बघत होता,
की आमच्या मागच्या कंदिलाकडे.

मग पाण्यात चपळ अंधार.

परतताना थर्मननं वाटभर शिव्या घातल्या,
राजधानीला, त्या बाईला, ड्वेनला,
वाऱ्याला, मला.
धक्क्याला दोर बांधल्यावर
वही मांडीवर घेऊन पेन्सिल जिभेला लावली:

"चोवीस सप्टेंबर. वारा पडलेला.
एक, लहान, सोडला.
पाणी नितळ."